आपल्या शिवाराचे खालचे टोक : मालवणचा उपसागर

(किनारपट्टीतील शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात, ओहोटीच्या वेळी काढलेल्या किनारा फेरीपूर्वी दिलेले व्याख्यान)



शिवारफेरी आपल्याला नवी नाही. भाताचे नवे वाण, आंब्याच्या कलमांची छाटणी, काजूवरील ढेकण्याचे नियंत्रण पाहण्यासाठी आपण प्रक्षेत्रावर नेहमीच फिरतो. आजची फेरी मात्र समुद्रकिनाऱ्यावर आहे. कृषिविद्या शिकविणाऱ्याने शेतकऱ्यांना दर्या कशाला दाखवावा, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी डोंगरावरच्या काजूतून, भरडावरच्या कलमांच्या बागेतून, मळ्यातल्या भातातून व्हाळात, व्हाळातून नदीत, नदीतून खाडीत आणि शेवटी समुद्रात जाते. जाताना ते आपली माती, आपण टाकलेले खत आणि आपण फवारलेल्या औषधाचा अंश बरोबर नेते. म्हणजे उतार जेथे संपतो तो उपसागर हे आपल्या शिवाराचेच खालचे टोक आहे. वरच्या चोंड्यातला बांध फुटला तर खालच्या चोंड्यात काय होते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. तोच न्याय येथेही लागू आहे.

उपसागराची मांडणी

मालवण शहरासमोर किनाऱ्याने थोडा आत बाक घेतला आहे. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू होऊन १६६७ साली पुरे झाले. जवळच पद्मगडाचे लहान बेट आहे. बेटे आणि पाण्याखालचे खडक यांमुळे लाटांचा जोर बाहेरच मोडतो आणि आतले पाणी तुलनेने शांत राहते. उत्तरेला कोळंबची खाडी आहे. आणखी उत्तरेला कणकवलीकडून येणारी गड नदी समुद्राला मिळते. दक्षिणेला तारकर्लीची वाळू असून तिच्या टोकाला, देवबागजवळ, कर्ली नदीचे मुख आहे.

खडक, वाळू, चिखल आणि प्रवाळ ही चारही प्रकारची वस्तिस्थाने एवढ्या लहान टापूत एकत्र सापडतात. म्हणूनच १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आले. आपला मासेमारीचा हक्क जाईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ज्याचे पोट ज्या पाण्यावर आहे त्याला विश्वासात घेतल्याशिवाय त्या पाण्याचे रक्षण होत नाही, हा त्यातला धडा आहे. शेतजमिनीच्या बाबतीतही तो खरा आहे.

आधी भरती-ओहोटी समजून घ्या

शेताचे वेळापत्रक नक्षत्रांवर चालते, किनाऱ्याचे तिथीवर. दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी असते, हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोन्ही लहान असतात, हा भांग.

वेळ काढण्याचा जुना हिशोब आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेनुसार यात अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो. किनारा पाहावयाचा असेल तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस निवडावेत. त्या वेळी पाणी सर्वांत खाली जाते आणि एरवी झाकलेला भाग उघडा पडतो.

१. खडकाळ किनारा

भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या खडकाकडे नीट पाहिले तर पट्टे दिसतात. सर्वांत वर, जेथे फक्त तुषार पोहोचतात, तेथे बारीक गोगलगायी खडकाच्या भेगांत बसलेल्या असतात. त्याखाली खडकाला चिकटलेली कालवे. त्याखाली शेवाळ आणि पाण्याचे डबके. डबक्यात समुद्रफूल, स्पंज, लहान कुर्ल्या आणि माशांची पिल्ले दिसतात. जो जीव जितका वेळ उन्हात कोरडा राहू शकतो तितका तो वर राहतो. वरकस, माळ आणि मळा या जमिनींत आपण वेगवेगळी पिके घेतो. तीच वाटणी येथे दोन-तीन मीटरच्या उंचीत झालेली असते.

शेवाळाकडे शेतकऱ्याने मुद्दाम लक्ष द्यावे. सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ येथे भरपूर वाढते. त्याच्या देठावर मण्यांएवढ्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्या आधाराने ते पाण्यात उभे राहते. या दाटीत माशांची पिल्ले लपतात व पोसतात. कृषी सेवा केंद्रात समुद्री शेवाळाचा अर्क म्हणून ज्या बाटल्या मिळतात, तो अर्क अशाच जातीच्या वनस्पतींचा असतो. त्यात पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि वाढीला चालना देणारी द्रव्ये असतात. वादळानंतर किनाऱ्यावर वाहून आलेले शेवाळ पावसाच्या पाण्याने धुऊन कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येते. खडकावरचे जिवंत शेवाळ मात्र ओरबाडू नये. ती माशांची रोपवाटिका आहे.

२. वाळूचा किनारा

वाळू वरवर पाहता ओसाड वाटते. ओहोटीला तिच्यावर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. लहान कुर्ल्या वाळूतील सेंद्रिय अंश खाऊन उरलेली वाळू गोळ्यांच्या रूपाने बाहेर टाकतात. आपल्या जमिनीत गांडूळ जे काम करते त्याच जातीचे हे काम आहे. हिवाळ्यात तुतवार व चिलखे हे पाहुणे पक्षी हजारो किलोमीटरवरून येतात आणि या वाळूतले किडे व अळ्या टिपून खातात. पाण्यावर कुरव आणि सुरय घिरट्या घालतात.

रापणीचे जाळे ओढण्याची जागाही हीच. तारली, पेडवे, बांगडा यांचे थवे किनाऱ्याजवळ आले की रापणीला मासळी मिळते. खाऊन व विकून उरलेली मासळी सुकवून माडाला आणि कलमांना घालण्याची कोकणात जुनी वहिवाट आहे. मासळीच्या खतात ४ ते १० टक्के नत्र व ३ ते ९ टक्के स्फुरद असते. म्हणजे वरून वाहून गेलेले अन्नद्रव्य दर्या काही प्रमाणात परतही देतो.

ऑलिव्ह रिडले जातीची कासवे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. सिंधुदुर्गात देवगड तालुक्यातील तांबळडेग, वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणी येथे अशी घरटी सापडतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून वाडीतला दिव्याचा झोत किनाऱ्याकडे असेल तर ती समुद्राऐवजी वाडीकडे वळतात आणि कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी पडतात.

वाळूच्या उंचवट्याचा शेतीशी थेट संबंध आहे. मर्यादवेल, केवडा, उंडी ही झाडे वाळू धरून ठेवतात. वेलीचे नावच मर्यादवेल. समुद्राची मर्यादा राखणारी ही वेल आपण रस्त्यासाठी किंवा साफसफाईच्या नावाखाली उपटतो. या वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर थर करून राहते. विहिरीतील पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते, असा ढोबळ हिशोब आहे. उलट, पंपाने उपसा करून पातळी एक फूट खाली आणली की खारे पाणी सावकाश तितक्याच फुटांनी वर सरकते. वाळूचा ढीग उपसला, उंचवटा सपाट केला, जास्त अश्वशक्तीचा पंप बसवला की माडाच्या वाडीतली विहीर खारी का होते, याचे कारण हे आहे.

३. खाडी आणि कांदळवन

कोळंब आणि कर्ली या खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिपी, मरांडी अशी झाडे दिसतात. खाऱ्या जमिनीत पीक घेणे किती कठीण आहे हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी ही झाडे बारकाईने पाहावीत. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. पान चाटून पाहिले तर खारट लागते. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर आणि चिपी यांची श्वसनमुळे चिखलाबाहेर उभी येतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप तयार होऊन चिखलात पडते. खाऱ्या चिखलात कोवळा अंकुर जगणार नाही, म्हणून झाड स्वतःच रोप वाढवून देते. खारजमिनीत भाताची रोपे थोडी जून करून, चुडात जास्त रोपे ठेवून लावावीत, अशी शिफारस असते. तिच्यामागचा विचारही हाच आहे. २०२० साली पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

कोळंबीची माता समुद्रात अंडी घालते. पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळाच्या मुळांत काही महिने वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. काळुंद्र, तांबोशी, बोय अशा माशांची पिल्लेही येथे पोसतात. चिखलावर उड्या मारणारी निवटी, बिळात राहणाऱ्या कुर्ल्या, काठावरचे खंड्या व बगळे आणि नशीब असेल तर पाणमांजर, हे येथील रहिवासी. ओहोटीला बायका खाडीत उतरून तिसऱ्या, मुळे, खुबे गोळा करतात. त्या घरांची रोजची कोरड्यास आणि चार पैशांची मिळकत या चिखलावर अवलंबून असते.

४. किल्ल्याभोवतीचे प्रवाळ

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ आढळतात. प्रवाळ दगडासारखे दिसत असले तरी ते लहान लहान प्राण्यांचे समूह असतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते व प्राण्याला देते. प्राणी त्याला आसरा देतो. भुईमूग आणि वालाच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात तोच हा व्यवहार. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी बरेच दिवस तापून राहिले तर हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. मालवणलाही प्रवाळ पांढरे पडल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

समुद्राचे तापमान आपल्या हाती नाही. मात्र प्रवाळांचे आणखी दोन शत्रू आहेत. एक, होड्यांचे नांगर आणि प्रवाळांवर उभे राहणारे पर्यटक. दुसरा, गाळ. गाळाने पाणी गढूळ झाले की शैवालाला ऊन मिळत नाही, आणि गाळ वर बसला की प्रवाळ गुदमरतात. हा गाळ आपल्या जमिनीतून येतो.

शेतातून काय खाली जाते?

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. तीन गोष्टी खाली जातात.

पहिली माती. डोंगर उतारावर यंत्राने जमीन उघडी करून काजू-आंब्याची लागवड केली आणि पहिले दोन-तीन पावसाळे जमिनीवर आच्छादन नसले तर जांभ्यावरचा सुपीक थर वाहून जातो. हा थर पुन्हा तयार होण्यास कित्येक पिढ्या लागतात. आपले नुकसान होतेच, शिवाय खाडीचे मुख गाळाने भरते, पुराचे पाणी निघत नाही आणि काठावरची शेती बुडते.

दुसरी गोष्ट खत. भातात युरिया फोकून दिला आणि त्याच रात्री मुसळधार पाऊस झाला, तर दुसऱ्या दिवशी शेतात किती नत्र उरले असेल याचा अंदाज प्रत्येकाने करावा. पैसे आपले गेले आणि खाडीत नको ते शेवाळ माजले.

तिसरी गोष्ट औषध. आंब्याच्या तुडतुड्यासाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके वापरली जातात. तुडतुडा, कोळंबी आणि कुर्ली हे तिन्ही संधिपाद प्राणी आहेत, म्हणजे एकाच मोठ्या कुळातील. जे औषध तुडतुड्याला मारते ते कोळंबीला फार कमी मात्रेतही मारते. माशांनाही ते अत्यंत विषारी आहे. मोहोरावरची फवारणी कोरड्या दिवसांत होते, त्यामुळे धोका पावसापेक्षा पंप धुण्याच्या जागेतून जास्त असतो. व्हाळाच्या कोंडीत पंप व बॅरल धुण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. उन्हाळ्यात त्या कोंडीत जे थोडे पाणी उरलेले असते त्यातच माशांचे बीज तगून असते. मृगाच्या पहिल्या पावसात जे चढणीचे मासे आपण मळ्यात पकडतो ते याच बीजातून येतात.

खारबंधारा आणि कांदळवन : वाद आणि मार्ग

येथे काही जण मनातली गोष्ट बोलतील. कांदळवनाची स्तुती पुरे झाली. आमच्या खारजमिनीत कांदळ शिरले आणि जमीन आमच्या हातून गेली, त्याचे काय? ही तक्रार खरी आहे. बंधारा फुटतो, उघाडीची झापे कुजतात, दुरुस्ती लांबते. खारे पाणी आत खेळू लागले की पाच-सात वर्षांत तेथे तिवर उभे राहतात. एकदा ते उभे राहिले की तोडता येत नाहीत. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर राज्यभर बंदी कायम केली. सातबारावर नाव आपले, पण पीक घेता येत नाही, अशी स्थिती होते.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बंधाऱ्याच्या बाहेरचे कांदळवन हे बंधाऱ्याचे कवच आहे. लाटेचा जोर झाडांत मोडतो आणि गाळ मुळांत अडून काठ उंच होतो. बाहेरचे झाड गेले की लाट थेट बंधाऱ्याच्या मातीवर येते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. असे वारे पुन्हा येणार हे धरूनच आपण चालले पाहिजे.

दुसरी, बंधाऱ्याच्या आतली जमीन राखावयाची तर दुरुस्ती कांदळ रुजण्यापूर्वी झाली पाहिजे. कुर्ल्यांनी पाडलेली भगदाडे व उघाडीची झापे दरवर्षी मे महिन्यात गावाने मिळून पाहावीत. गळती लहान असताना चार माणसांच्या एका दिवसाच्या कामाने ती बुजते; एक पावसाळा गेला की तिला सरकारी अंदाजपत्रक लागते. आतल्या जमिनीत पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे क्षार सहन करणारे भात वाण घ्यावेत. पहिल्या पावसाचे पाणी साठवून ओहोटीला उघाडीतून सोडून द्यावे, म्हणजे मीठ धुऊन जाते. कापणीनंतर जमिनीवर पेंढ्याचे आच्छादन ठेवावे, म्हणजे उन्हाळ्यात मीठ वर चढत नाही.

ज्यांच्या जमिनीत कांदळ आधीच उभे राहिले आहे त्यांच्यासाठी शासनाची २०१७ पासूनची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आहे. खेकडा पालन, कालव व शिनाणे पालन यांसाठी गटांना तीत मदत मिळते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवून मिळकत करतो. गेलेल्या भाताची ही पूर्ण भरपाई आहे असे मी म्हणणार नाही. पण जमीन पडून राहण्यापेक्षा हा मार्ग बरा.

शेतकऱ्याने काय करावे?

१. उतारावर नवीन लागवड करताना समपातळीत चर काढावेत. सर्व उतार एकाच वर्षी उघडा करू नये. कडेला वाळ्याची रांग लावावी.

२. कलमांना खत विस्ताराच्या आत चर घेऊन मातीआड द्यावे. भरपावसात वरून टाकू नये.

३. भातात युरिया-डीएपी ब्रिकेट वापरावी. चार चुडांच्या मध्ये एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल खोचावी. नत्र मुळाशी राहते.

४. औषध शिफारशीपेक्षा जास्त वापरू नये. पंप व बॅरल व्हाळात किंवा विहिरीजवळ धुऊ नयेत. धुण्याचे पाणी बागेतच, पाण्यापासून दूर, खड्ड्यात सोडावे.

५. मर्यादवेल, केवडा, उंडी राखावी. किनाऱ्याकडील दिवे कासवांच्या हंगामात झाकावेत. घरटे दिसल्यास हात न लावता वनविभागाला कळवावे.

६. वाडीतील विहिरीचे पाणी दरवर्षी मे महिन्यात क्षारांसाठी तपासून घ्यावे व त्यानुसार उपसा ठरवावा.

७. खारबंधाऱ्याची पाहणी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर दरवर्षी घ्यावी.

फेरीवर निघताना

ओहोटी लागल्यावर आपण निघू आणि पाणी पूर्ण खाली जाताच परत फिरू. पायात रबरी तळव्याची चप्पल किंवा बूट असावेत; कालवांची धार पाय कापते. उलटवलेला दगड होता तसा परत ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूची अंडी व स्पंज उन्हात मरतात. शंख-शिंपले जिवंत असतील तर घेऊ नयेत. प्रवाळ, कासव आणि डॉल्फिन यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाचा मेलेला तुकडाही घरी नेऊ नये.

चालताना प्रत्येकाने एक काम करावे. किनाऱ्यावर जेथे जेथे व्हाळ किंवा गटार समुद्राला मिळते तेथे थांबावे आणि पाण्याचा रंग, वास, तळाचा गाळ पाहावा. मग जेथे व्हाळ नाही असा खडक पाहावा आणि दोन्हीकडच्या कालवांची, शेवाळाची व कुर्ल्यांची तुलना करावी. परत गेल्यावर आपल्या गावच्या व्हाळावर हीच पाहणी जूनच्या पहिल्या पावसात करावी. पाणी लाल दिसले तर ते कोणाच्या उतारावरून येते हे वर चढत जाऊन शोधावे. शोध आपल्याच कुंपणाशी येऊन थांबला, तर त्या हंगामातले पहिले काम कोणते हे निराळे सांगण्याची गरज राहणार नाही.